‘अ‍ॅडजस्ट’ होत नाही म्हणजे नेमके काय: समायोजन विकाराची माहिती कशी पारखावी

‘जरा अ‍ॅडजस्ट करून घे’ हे वाक्य आपण लोकलमधल्या चौथ्या सीटपासून सासरपर्यंत सर्रास वापरतो. त्यामुळे अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर, म्हणजे समायोजन विकार, हे नाव ऐकताच घरच्यांना रुग्णाचा हेकटपणाच आठवतो. प्रत्यक्षात हे निदान स्वभावावरून होत नाही. ते ताण देणाऱ्या एखाद्या ठरावीक घटनेशी आणि तारखांशी बांधलेले असते.

म्हणून आधी कॅलेंडर काढावे. समजा, कोल्हापूरच्या एका बँक कर्मचाऱ्याची नागपूरला बदली झाली आणि तीन आठवड्यांत त्याची झोप उडाली, डबा न उघडता परत येऊ लागला, साध्या बेरजा चुकू लागल्या. बदलीचा दिवस, त्रास सुरू झाल्याचा दिवस आणि कोणते काम अडले, हे कागदावर लिहून ठेवावे.

मगच या विकाराविषयी वाचायला बसावे. डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेनुसार लक्षणे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत सुरू व्हावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ती सहसा महिन्याभरात दिसतात आणि तोच विषय मनात सतत घोळत राहण्यावर तेथे भर आहे. ताण आणि त्याचे परिणाम सरल्यावर लक्षणे साधारण ६ महिन्यांत ओसरतात, याबाबत दोन्हींचे एकमत आहे. तेव्हा दोन ठिकाणी दोन आकडे दिसले, तर लेखकाने कोणते वर्गीकरण वापरले ते पाहावे. ते सांगितलेच नसेल, तर तो मजकूर बाजूला ठेवावा. नैराश्याचे निकष पूर्ण होत असतील तर निदान बदलते, आणि आप्ताच्या मृत्यूनंतरचे स्वाभाविक दुःख यात मोडत नाही, हे भेद चांगल्या लेखात असतातच.

उपचारांत समुपदेशनाला पहिले स्थान असते, औषधे लागलीच तर थोड्या काळापुरती. सुरुवातीलाच गोळ्यांची नावे किंवा सशुल्क कोर्स पुढे करणारा मजकूर संशयाने वाचावा. (दहा प्रश्नांत निदान करणाऱ्या चाचण्या तर करमणूकच.)

तारखांचा कागद मनोविकारतज्ज्ञांना दाखवावा. जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र वाचत बसू नये. या विकारातही आत्महत्येचे विचार येतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.