व्हिडिओ कॉलसाठी कुठलं नेट घ्यायचं: फायबर, केबल, एअरफायबर की मोबाईल?

गेल्या पावसाळ्यात आईची डॉक्टरांशी व्हिडिओवर अपॉइंटमेंट होती, आई गोळ्यांची नावं वाचून दाखवतेय, आम्हाला डॉक्टर अगदी स्वच्छ दिसतायत आणि ते मात्र तिकडून सारखं "आवाज तुटतोय, परत सांगा" म्हणतायत. प्लॅन १०० एमबीपीएसचा. पण तो आकडा डाउनलोडचा, आपला चेहरा आणि आवाज जातो अपलोडवरून, आणि अपलोड संध्याकाळी १ च्या पण खाली जात होता.

म्हणून कनेक्शन घेताना पहिला प्रश्न अपलोड किती हाच विचारा. झूमवर दोघांच्या ७२०पी कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण १.२ एमबीपीएस लागतं, ग्रुप कॉलला अपलोड २.६ आणि डाउनलोड १.८, म्हणजे ३०० चा प्लॅन घ्यायची काहीच गरज नाही, जे मिळतं ते न हलता मिळालं पाहिजे. फास्ट डॉट कॉमवर टेस्ट करून 'शो मोअर इन्फो' दाबा, तिथे अपलोड दिसतं आणि लेटन्सी, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, दोन प्रकारे दिसते, नेट रिकामं असताना आणि भरलेलं असताना. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा खूपच मोठा असेल तर घरात कोणी मोठी फाईल टाकायला घेतली की तुमचा कॉल अडकणार. टेस्ट रात्री ८ ते १० मध्ये करा, सकाळी ११ ला सगळ्यांचंच नेट छान चालतं.

घरापर्यंत फायबर येत असेल तर दुसरं काही बघू नका असं माझं स्पष्ट मत आहे. अपलोड बहुतेक प्लॅनमध्ये डाउनलोडइतकंच मिळतं, आणि काच असल्यामुळे विजांच्या दिवसात तांब्याच्या वायरसारखा धोका नाही. फक्त विचारून घ्या की फायबर घरात येणार की बिल्डिंगखालच्या बॉक्सपर्यंतच. केबल टीव्हीच्या जाड वायरवरून येणाऱ्या नेटला अपलोड मुळातच कमी ठेवलेलं असतं.

आमच्या नाशिककडे गिरणारे, मखमलाबादच्या पुढे मळ्यात राहणाऱ्यांकडे फायबर पोचलं नसेल तर ५जी एअरफायबर, म्हणजे मोबाईल टॉवरवरून बिनवायरचं येणारं घरचं नेट बघा, अँटेना गच्चीवर टॉवरच्या दिशेने लागते, पण टॉवर सगळ्यांचा मिळून एकच असतो त्यामुळे गर्दीच्या वेळी स्पीड खालीवर होणार. मोबाईल हॉटस्पॉटचं पण तेच, कुंभमेळ्याच्या पर्वणीला रामकुंडाजवळ राहून त्याच्या भरवशावर इंटरव्ह्यू देऊ नका. जुन्या पद्धतीचं सॅटेलाइट नेट कॉलसाठी नकोच, तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो, आपण बोललेलं वर जाऊन खाली यायचं आणि उत्तर परत त्याच वाटेने, यात अर्धा सेकंद जातो आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलत राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याचदा दोष कनेक्शनचा नसतोच, वायफायचा असतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतून वायफायचा ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल नीट जात नाही आणि २.४ गीगाहर्ट्झवर शेजारच्या सगळ्यांचे राउटर बसलेले. कॅट ६ ची लॅन वायर आणा, १०० मीटरपर्यंत चालते, राउटरपासून थेट लॅपटॉपला जोडा, पोर्ट नसेल तर यूएसबीचं लॅन अडॅप्टर मिळतं. आमच्याकडे खरा फरक या वायरने आणि प्लॅन बदलून पडला, आईचा पुढचा कॉल एकदाही तुटला नाही.

लाईट गेली की फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद पडतात, दोघांना मिनी यूपीएस लावा, आधी अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून. बॅकअपला सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. आणि तरीही कॉल अडकायला लागला तर आधी स्वतःचा व्हिडिओ बंद करा, नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात.