एकाच आपत्तीचे हजारो दावे: विमा कंपनीची तयारी

पुराचा किंवा वादळाचा हंगाम सुरू होण्याआधी पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी दुसऱ्या कंपनीकडे उतरवलेल्या विम्याचा, करार बाहेर काढा आणि त्यात 'घटना' म्हणजे काय, ते नीट वाचा. बऱ्याच करारांत वादळ-भूकंपाला ७२ तास आणि पुराला १६८ तासांची मुदत असते. तेवढ्या वेळात झालेलं नुकसान एक घटना धरलं जातं. पाऊस दहा दिवस चालला तर मुदत कुठून मोजायची याचा हिशेब करावा लागतो, कारण दोन घटना झाल्या की कंपनीने स्वतः सोसायचा हिस्साही दोनदा सोसावा लागतो. म्हणून दावा नोंदवताना नुसती तारीख चालत नाही. पाणी घरात किती वाजता शिरलं, हा प्रश्न फोनवरच्या प्रश्नावलीत आत्ताच घाला. महिन्याभराने कुणालाच आठवत नसतं.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला ४ सप्टेंबर २०१० आणि २२ फेब्रुवारी २०११ अशा दोन भूकंपांत अनेक घरांना दोन्ही वेळा तडे गेले. कुठला तडा कुठल्या धक्क्याचा, हे वाद वर्षानुवर्षं चालले. तेव्हा पहिल्या पाहणीतच तारीख-वेळेसह फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेची जमिनीपासून उंची आणि छप्पर उडालंय का, याची नोंद हवी. वारा एका पॉलिसीत आणि पूर दुसरीत असेल तर ही उंचीच पुढे कामाला येते.

आपत्तीचा कोड, म्हणजे तिच्या सगळ्या दाव्यांवर टाकायची एकच खूण, पहिल्याच दिवशी कोण उघडणार, ते नावानिशी ठरवा. कोड उशिरा उघडला की आधीचे दावे बिनकोडचे राहतात आणि पुनर्विमा कंपनीला कळवायची बेरीज चुकते. एकच माणूस एजंटकडे, फोनवर आणि ॲपवर असा तीनदा दावा टाकतो, त्यामुळे पॉलिसी क्रमांक आणि पत्ता जुळवून पाहण्याची सोय हवीच.

सर्व्हेअरचं गणित साधं आहे, तरी चुकतं. समजा, ६,००० दावे आले, ४० सर्व्हेअर आहेत आणि एकाच्या रोज ४ पाहण्या होतात. मग ३८ दिवस लागतील, तेही रस्ते उघडे असले तर. सगळ्या कंपन्या त्याच सर्व्हेअरांच्या मागे लागतात, म्हणून दूरच्या भागांतल्यांशी करार आधीच करा. लहान दावे फोटो-व्हिडिओवर मिटवा. राहण्याजोगी नसलेली घरं आणि बंद पडलेले धंदे आधी घ्या. नेटवर्क नसताना चालणारे फॉर्म, ओल मोजायचं यंत्र आणि पॉवर बँक किटमध्ये टाका.

मंजुरीची वाढीव मर्यादा लेखी देऊन ठेवा, नाहीतर फायली एकाच टेबलावर अडकतात. तातडीची आंशिक रक्कम देताना 'अंतिम तडजोड नव्हे' असं पत्रात स्पष्ट लिहा. पुनर्विमा कंपनीकडून आगाऊ रोख मागता येते का, तेही करारात बघून ठेवा. मोठ्या आपत्तीनंतर मजुरी आणि साहित्य महागतं, म्हणून दरपत्रक दर आठवड्याला तपासा आणि दाव्यांसाठी बाजूला ठेवलेली राखीव तरतूदही त्याप्रमाणे बदला. कमी विम्याचा मुद्दा पहिल्याच भेटीत सांगा: १०० च्या मालमत्तेला ६० चा विमा असेल आणि सरासरीचं कलम (विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाई कमी) लागू असेल, तर २० च्या नुकसानीला १२ मिळतात. हे शेवटच्या पत्रातून कळलं की तक्रार ठरलेली.

ओल भिंतीत मुरते, त्यामुळे मिटलेले दावे काही महिन्यांनी पुन्हा उघडतात. जादा माणसं एकदम कमी करू नका.