लहान मुलाला घेऊन युरोपातील अनेक शहरांची सहल: नियोजनातील या चुका टाळा

युरोपच्या नकाशावर शहरे एकमेकांच्या शेजारी दिसतात आणि नियोजनातल्या बहुतेक चुका तिथेच सुरू होतात. ब्रुसेल्सहून पॅरिसला जलद रेल्वेने दीड तासाच्या आत पोहोचता येते हे खरे आहे. पण म्हणून पॅरिसहून रोमही असेच सहज गाठता येईल, असे गृहीत धरले की पुढचे सगळे वेळापत्रक ढासळते. पॅरिसहून मिलानपर्यंतच रेल्वेने सुमारे सात तास लागतात, तिथे गाडी बदलावी लागते आणि रोमपर्यंत आणखी तीन तास जातात. विमान हेच अंतर दोन तासांत कापते, परंतु हॉटेल सोडल्यापासून पुढच्या हॉटेलची खोली ताब्यात येईपर्यंतचा वेळ मोजला तर त्यालाही सहा-सात तास लागतात. मोठी माणसे असा दिवस निभावून नेतात. तीन वर्षांच्या मुलासाठी मात्र जेवण, झोप आणि खेळ या तिन्ही गोष्टी त्या दिवशी विस्कळीत होतात आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीही जाणवतो.

शहरे आधी आणि दिवस नंतर मोजणे

दहा दिवसांत चार शहरे हा आराखडा वरवर पाहता अवाजवी वाटत नाही. आता त्याचा हिशेब मांडून पाहावा. पोहोचण्याचा आणि परतण्याचा असे दोन दिवस वजा केले की आठ उरतात. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचे तीन दिवस वजा केले की पाच उरतात. त्यांतले पहिले एक-दोन दिवस शरीराचे घड्याळ जुळण्यातच जातात; पूर्वेकडून युरोपात आलेले मूल पहाटे तीन-चारला टक्क जागे होते आणि संध्याकाळी पाचलाच पेंगू लागते. म्हणजे चार शहरांसाठी मोकळ्या मनाने वापरता येतील असे जेमतेम तीन-चार दिवस हाती राहतात. शिवाय लहान मुलाचा दिवस सलग नसतो; दुपारच्या झोपेमुळे त्याचे दोन तुकडे पडतात आणि त्यांतला सकाळचा तुकडाच खऱ्या अर्थाने उत्साहाचा असतो.

म्हणून मुक्काम बदलण्याचा दिवस हा स्थळदर्शनाचा दिवस म्हणून मोजूच नये आणि उरलेल्या प्रत्येक दिवशी एकच मोठे ठिकाण ठेवावे. पाच वर्षांखालील मूल सोबत असेल तर दहा-बारा दिवसांसाठी दोन शहरे पुरेशी आहेत आणि तीन ही कमाल मर्यादा आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक शहरात किमान तीन, शक्य असल्यास चार रात्री असाव्यात. दोन रात्रींच्या मुक्कामात मूल नव्या खोलीला सरावते न सरावते तोच पुन्हा सामान बांधायची वेळ येते.

शहरे निवडताना ती एका रेल्वेमार्गावर असतील असे पाहावे. ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स आणि पॅरिस. म्युनिक, साल्झबर्ग आणि व्हिएन्ना. रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस. या तिन्ही साखळ्यांमध्ये लगतच्या दोन शहरांमधला रेल्वेप्रवास साधारण दीड ते अडीच तासांत आटोपतो, म्हणजे तो मुलाच्या दुपारच्या झोपेच्या वेळी उरकता येतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे तिसऱ्या शहरात मुक्काम न हलवता तिथे दिवसापुरते जाऊन येणे. म्युनिकमध्ये राहून साल्झबर्ग, व्हिएन्नात राहून ब्रातिस्लाव्हा किंवा फ्लोरेन्समध्ये राहून पिसा पाहता येते. अशा सहलीचा मोठा फायदा हा की सकाळी मुलाला बरे वाटत नसेल तर ती विनासायास रद्द करता येते.

विमानाची तिकिटे काढताना एकाच शहरात उतरून तिथूनच परतण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या शहरात उतरून शेवटच्या शहरातून परत निघण्याचे तिकीट थोडे महाग दिसले, तरी उलट फिरण्यात जाणारा अख्खा दिवस आणि रेल्वेचे भाडे वाचते.

स्वस्त विमान आणि ‘मोफत’ जागा

कमी भाड्याच्या विमान कंपन्या ज्या विमानतळांवर उतरतात, त्यांच्या नावात मोठ्या शहराचे नाव असले तरी ते त्या शहरापासून बरेच दूर असू शकतात. पॅरिसच्या नावाने ओळखला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे आणि बसने शहरात यायला सव्वा तास लागतो. सामानाचे आणि आसनाचे वेगळे शुल्क, पहाटेची उड्डाणे आणि हा प्रवास धरला तर रेल्वे बहुतेक वेळा सोयीची ठरते. चार-पाच तासांपर्यंतच्या अंतरासाठी तर नक्कीच.

रेल्वेतही एक चूक सर्रास होते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सहा वर्षांखालील मुलांना, तर फ्रान्स आणि इटलीच्या सरकारी रेल्वे कंपन्यांच्या जलदगाड्यांमध्ये चार वर्षांखालील मुलांना मोफत प्रवास करता येतो. परंतु मोफत याचा अर्थ स्वतंत्र आसन असा नसतो. गर्दीच्या गाडीत चार तास मुलाला मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा थोडे पैसे भरून त्याच्यासाठी जागा राखून ठेवावी. जर्मनीच्या अनेक आयसीई गाड्यांमध्ये लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी वेगळा कक्ष असतो, ऑस्ट्रियाच्या रेलजेट गाड्यांमध्ये मुलांसाठी चित्रपट दाखवणारा भाग असतो आणि स्वित्झर्लंडच्या काही दुमजली गाड्यांत वरच्या मजल्यावर खेळण्याची जागा असते. आरक्षण करताना हा डबा निवडला की प्रवासाचा सगळा नूर बदलतो. रेल्वे पास घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की फ्रान्स आणि इटलीतल्या, तसेच युरोस्टार या कंपनीच्या जलदगाड्यांत पास असूनही आसनाचे आरक्षण वेगळे आणि सशुल्क असते.

कागदपत्रांतील चुका

शेंगेन म्हणजे आपसांतल्या सीमांवर पारपत्र तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याच्या व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो आणि रात्री समसमान असतील तर ज्या देशातून प्रवेश होणार आहे त्याच्याकडे. त्यामुळे अर्ज केल्यानंतर रात्रींची फेरवाटणी करणे अडचणीचे ठरते. आराखडा आधी पक्का करावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो झालेला असावा लागतो, पण सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळच उशिरा मिळते, म्हणून शेवटच्या मुदतीवर विसंबून राहू नये. सहा वर्षांखालील मुलांना व्हिसा शुल्क नाही. वैद्यकीय विमा मात्र मुलासाठीही किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुलाचे पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असायला हवे. मुलांच्या पारपत्रांची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते, हे ऐन वेळी ध्यानात येते. आई किंवा वडील यांपैकी एकच जण सोबत जाणार असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र जवळ ठेवावे.

लंडन शेंगेन क्षेत्रात येत नाही. पॅरिसहून युरोस्टारने सव्वादोन तासांत पोहोचता येते म्हणून ते यादीत सहज जोडले जाते. परंतु त्यासाठी वेगळा व्हिसा, वेगळे शुल्क आणि गाडी सुटण्यापूर्वीच पारपत्र तपासणीची रांग लागते. पहिल्या सहलीत ते वगळणेच बरे.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर चेहऱ्याची आणि बोटांच्या ठशांची नोंद घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १२ वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत, केवळ छायाचित्र घेतले जाते. ही तपासणी शेंगेन क्षेत्रातल्या पहिल्या विमानतळावर होते. तिथून पुढचे विमान पकडायचे असेल तर तासाभराचे अंतर अपुरे आहे, किमान तीन तास ठेवावेत.

मुक्काम आणि दिवसाचा क्रम

जुन्या इमारतींतल्या अनेक सदनिकांना लिफ्ट नसते आणि छायाचित्रांवरून ते कळत नाही. झोपलेले मूल, बाबागाडी आणि दोन बॅगा घेऊन चार मजले चढण्याची वेळ येऊ नये, म्हणून आरक्षणापूर्वी मालकाला लेखी विचारावे. हॉटेलात मुलाचा उल्लेख न करता दोघांची खोली घेणे हीदेखील चूकच. तिथल्या खोल्या लहान असतात, प्रत्येक खोलीत किती जण राहू शकतात हे ठरलेले असते आणि पाळणा आधी मागितला तरच मिळतो. खोली बहुधा दुपारी तीननंतर मिळते. विमान पहाटे उतरणार असेल तर आदल्या रात्रीचे भाडे भरून ठेवण्याचा खर्च वाया जात नाही, कारण त्या सकाळी मुलाला पलंगाची गरज सर्वांत जास्त असते.

स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी, असे मी आवर्जून सुचवेन. इटलीत बहुतेक ठिकाणी रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही आणि स्पेनमध्ये तर त्याहून उशिरा. तोवर मूल थकून रडकुंडीला येते. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकाने बंद असतात, केवळ मोठ्या स्थानकांतली दुकाने उघडी राहतात, म्हणून शनिवारीच दूध आणि फळे आणून ठेवावीत. जूनमध्ये पॅरिसला सूर्य जवळपास दहा वाजता मावळतो. खोलीला जाड पडदे किंवा झडपा नसतील तर मुलाला झोपवणे कठीण जाते.

बाबागाडीविषयीही शहरागणिक वेगळा विचार करावा लागतो. पॅरिसच्या मेट्रोत बहुतांश स्थानकांवर जिनेच आहेत. १४ क्रमांकाची मार्गिका हा अपवाद असून इतरत्र बसने फिरणे सोपे जाते. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना पायऱ्या आहेत, तिथे मुलाला अंगाशी बांधून नेण्याची झोळी हवी. दगडी फरसबंदीवर लहान चाकांची घडीची गाडी अडखळते, हेही गाडी निवडताना पाहावे.

स्थळांच्या बाबतीत तिकिटांची वेळ निवडताना सकाळची पहिली वेळ घ्यावी. पॅरिसमधले लूव्हर संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. शहरातला एकमेव पूर्ण दिवस नेमका त्या वारी येणार नाही हे पाहावे. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे, तरी कलोसियमसारख्या ठिकाणी त्यांच्याही नावाचे तिकीट आधी घ्यावे लागते. दोन तासांच्या संग्रहालयानंतर तेवढाच वेळ मोकळ्या जागेला द्यावा: पॅरिसची लक्झेंबर्ग बाग, रोमचे व्हिला बोर्गेझे, म्युनिकचा इंग्लिश गार्डन किंवा व्हिएन्नातले १७५२ साली स्थापन झालेले शोनब्रुन प्राणिसंग्रहालय. ही ठिकाणे राखीव म्हणून शेवटी लिहू नयेत. मुलाच्या दृष्टीने सहल तीच असते. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊयोखची रेल्वे थेट ३,४५४ मीटर उंचीपर्यंत नेते. इतक्या वेगाने इतक्या उंचीवर बाळाला नेण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्याऐवजी लाउटरब्रुनेनच्या दरीतले धबधबे पाहूनही दिवस भरगच्च होतो.

बेत मोडू लागला तर

सगळी काळजी घेऊनही एखादा दिवस हातचा जातो. त्यासाठी कोणता थांबा गाळायचा हे निघण्यापूर्वीच ठरवावे आणि त्या थांब्याचे हॉटेल रद्द करता येण्याजोग्या दराने घ्यावे. सर्वच तिकिटे परतावा न मिळणारी असली की ताप आलेल्या मुलालाही पैशांपायी गाडीत बसवण्याचा मोह होतो. गाडी चुकली किंवा रद्द झाली तर आधी स्थानकावरच्या तिकीट खिडकीत जावे, नवे तिकीट स्वतःहून काढू नये. युरोपीय संघाच्या नियमानुसार एक तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल तर भाड्याचा परतावा किंवा दुसऱ्या मार्गाने प्रवास यांतला पर्याय निवडता येतो.

मूल सलग दोन दिवस चिडचिडे झाले, जेवेनासे झाले, तर तो हट्ट आहे असे मानू नये. बहुधा झोप अपुरी पडत असते. अशा वेळी एक पूर्ण दिवस कार्यक्रमाविना ठेवून जवळच्या खेळाच्या मैदानाव्यतिरिक्त कुठेही जाऊ नये. ताप आला तर औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून मुलाचे ताजे वजन आणि नेहमीच्या औषधांची मूळ रासायनिक नावे लिहून ठेवावीत. व्यापारी नावे देशागणिक बदलतात. रात्री आणि रविवारी पाळीने उघडी राहणारी औषधांची दुकाने असतात आणि बंद दुकानाच्या दारावर सर्वांत जवळच्या उघड्या दुकानाचा पत्ता बहुधा लावलेला असतो. जर्मनीत दवाखान्याच्या वेळेबाहेर डॉक्टरांसाठी ११६११७ हा क्रमांक आहे, तर तातडीच्या मदतीसाठी संपूर्ण युरोपीय संघात ११२. विमा कंपनीला पहिल्याच दिवशी कळवावे आणि डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचे बिल मागून घ्यावे.