माळा आवरताना
माळ्यावरचे सामान आवरायचे असेल, तर आधी ते सगळे खाली उतरवावे. वर बसून निवड केली, की निम्म्या वस्तू पुन्हा मागेच सरकतात. गेल्या दिवाळीपासून जिला हात लागलेला नाही, अशी वस्तू सबळ कारण असेल तरच ठेवावी. रद्दी त्याच दिवशी बाहेर काढावी आणि धड कपडे बोहारणीला किंवा गरजूंना द्यावेत. मात्र जुने मोबाइल, चार्जर आणि बॅटऱ्या रोजच्या कचऱ्यात कदापि टाकू नयेत, कारण त्यांतील शिशासारखे घातक धातू जमिनीत व पाण्यात मिसळू शकतात, म्हणून ते अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावेत. खरेदीखत आणि आजीची पितळी भांडी यांबाबत घाई नको. उरलेल्या खोक्यांवर आतील वस्तूंची नावे लिहावीत. गणपतीचे मखर मागे ठेवावे, पाहुण्यांची अंथरुणे पुढे.