‘ॲना कॅरेनिना’चे दागिने करताना या चुका टाळा

टॉल्स्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’ या रशियन कादंबरीवरून एखादा दागिना करून द्या, असे म्हणत येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते: गळ्याला चिकटून बसणारी काळ्या मखमलीची पट्टी आणि तिला मधोमध लोंबणारे लॉकेट. चित्र देखणे आहे, पण ते ॲनाचे नाही. कादंबरीच्या पहिल्या भागातल्या बाविसाव्या प्रकरणात मॉस्कोतल्या नृत्यसमारंभाचे वर्णन आहे आणि तिथे ही लॉकेटची मखमली पट्टी किटी नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणीच्या गळ्यात आहे. ॲनाचा पोशाख काळ्या मखमलीचा आहे. केसांत पॅन्सीच्या फुलांची लहानशी माळ, कमरेच्या काळ्या फितीवर तीच फुले आणि गळ्यात मोत्यांचा एक सर, एवढाच तिचा साज. तो पोशाख म्हणजे नुसती चौकट होती आणि दिसत होती ती फक्त ॲना, असे किटीला वाटते. हे वाक्य वाचूनही ज्यांना पाचपदरी हार आणि लांब झुंबरे करावीशी वाटतात, त्यांनी ते प्रकरण पुन्हा वाचावे.

दुसरी चूक जांभळ्या खड्यांची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. एका महाविद्यालयाच्या नाटकासाठी ॲनाचे दागिने करायचे होते. घाईघाईने पाने चाळताना ‘फिकट जांभळा’ हा रंग नजरेस पडला आणि मी ॲमेथिस्टचा भरगच्च हार करून मोकळी झाले. रंगीत तालमीला आलेल्या एका वयस्क प्राध्यापिकेने तो हातात घेऊन विचारले, “बाई, हा ॲनाचा की किटीच्या कल्पनेतल्या ॲनाचा?” किटीने तिला जांभळ्या पोशाखात कल्पिलेले असते आणि ती काळ्या पोशाखात येते, यातच तर त्या प्रसंगाची सगळी कळ आहे.

प्रयोग दुसऱ्या दिवशी होता. रात्रीत मोत्यांचा सर करायचा म्हणून मी हाताशी असलेल्या नायलॉनच्या तारेत, मध्ये एकही गाठ न मारता, साठेक मोती ओवले. माझुर्का नाच सुरू झाला, ॲनाचा प्रियकर व्रॉन्स्की, त्याच्या कोटाच्या बटणात सर अडकला आणि सगळे मोती रंगमंचावर घरंगळले. मुलगी बिचारी मोत्यांवरून घसरता घसरता नाचत राहिली. सगळे मोती काही परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून मी मोती रेशमी दोऱ्यातच ओवते आणि दोन मोत्यांमध्ये गाठ मारतेच. गाठ असली की दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो, मोती एकमेकांवर घासले जात नाहीत आणि सर गळ्यावर नीट पडतो. नायलॉनची तार मात्र ताठ उभी राहते. दोरा आदल्या रात्री वजन लावून टांगून ठेवावा, म्हणजे हार पुढे सैल पडत नाही. मी हाराच्या लांबीच्या पाचपट दोरा घेते. उरला तर उरू दे. गाठ ओढून घेताना सुई गाठीच्या फासात ठेवून ती मोत्याला टेकेपर्यंत सरकवावी लागते आणि पहिले दहा-बारा मोती हमखास वाकडे जातात. ते उसवून पुन्हा करण्याची तयारी नसेल, तर सरळ एखाद्या जुन्या पटवेकऱ्याकडून सर गाठवून घ्यावा. त्यात कमीपणा नाही. गाठीऐवजी गोंदाचा थेंब सोडण्याची युक्ती मात्र कोणी शिकवू लागले, तर तिथून उठावे.

मोत्यांबद्दल ग्राहकाला खरे सांगावे. कादंबरी पुस्तकरूपाने आली ती १८७८ मध्ये. त्या काळी कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती नव्हते. इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती मुंबईच्या बाजारात येत आणि तिथून जगभर जात. आपण वापरतो ते कल्चर्ड मोती असतात आणि ते तसेच सांगून विकावेत. अत्तर किंवा व्हिनेगर मोत्यांना लागू देऊ नये.

रोमन ‘एन’ उलटा काढून त्याला रशियन अक्षर म्हणू नये. रशियन लिपीत तो ‘इ’ असतो आणि ‘न’ रोमन ‘एच’सारखा दिसतो; म्हणजे लॉकेटवर ‘ॲना’ऐवजी ‘आइइआ’ कोरले जाते. साखरपुड्याच्या अंगठ्यांवर ॲना आणि व्रॉन्स्की ही नावे कोरून मागणाऱ्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचले आहे का, असा प्रश्न मला पडतो. त्यांना मी कादंबरीतले दुसरे जोडपे, लेव्हिन आणि किटी, सुचवते, कारण ती दोघे पत्ते खेळायच्या टेबलावर खडूने नुसती शब्दांची आद्याक्षरे लिहून एकमेकांना मनातले सांगतात, आणि अंगठीवर तेवढीच जागा असते.

फेबर्जे या रशियन जवाहिऱ्याच्या पद्धतीची रत्नजडित अंडी या कादंबरीशी जोडू नयेत. त्यांतले पहिले राजघराण्यासाठी १८८५ मध्ये घडले. आगगाडीच्या इंजिनाचे पेंडंट करू नये. ॲना आगगाडीखालीच जीव देते; याहून जास्त सांगावे लागू नये.

राहिली पॅन्सी. रशियन भाषेत तिला ‘आन्यूताचे डोळे’ अशा अर्थाचे नाव आहे आणि आन्यूता हे ॲनाचेच लाडके रूप. त्यामुळे हे फूल वापरावेसे वाटणे अगदी रास्त आहे. मात्र फूल नीट वाळण्याआधीच रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, बुडवले, की ते तपकिरी पडते आणि पाकळ्यांखाली बुडबुडे धरतात. मी फूल टिपकागदात, जाड पुस्तकाखाली तीन आठवडे ठेवते. आठवडाभरानंतर बोटांना कोरडे लागले तरी काढत नाही. पाकळी वाकवल्यावर कागदासारखी वाजली, तरच ती साच्यात जाते. पावसाळ्यात पॅन्सीची ऑर्डर मी घेतच नाही.