सकाळी रुसणारा पीसी आणि फुगलेले कंडेन्सर

जानेवारीत मामांचा निफाडहून फोन, "अरे कंप्युटर सकाळी सकाळी नाटकं करतोय, दहा दहा वेळा बटन दाबावं लागतं, फॅन गरकन फिरतो आणि बंद, आणि दुपारी ऊन आलं की असा चालतो की जसं काही झालंच नव्हतं." कृषी सेवा केंद्र आहे मामांचं, बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुना, पीसी तर पेंटियम फोरच्या जमान्यातला. कुणीतरी बघून सांगितलं की मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. मी म्हटलं मामा, काही घेऊ नका, रविवारी कंप्युटर घेऊन या माझ्याकडे, सिडकोत.

निफाडला थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको, पारा पाच-सहाच्या खाली उतरला की लोक द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. आणि जी मशीन गारठ्यात रुसते अन् उन्हात हसते तिच्यात ९० टक्के वेळा मला तरी कंडेन्सरच सापडलाय. (कपॅसिटर म्हणा किंवा कंडेन्सर, दुकानात दोन्ही चालतं, मी दोन्ही म्हणणार आहे.)

असं का होतं ते दोन मिनिटात सांगतो, कारण हे कळलं की पुढची अर्धी मेहनत वाचते. बोर्डवर जे उभे डबे दिसतात ते अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक, आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मधे कागद, कागद एका द्रवात भिजवलेला. त्यांचं काम म्हणजे करंटची मागणी क्षणात कमीजास्त झाली तरी व्होल्टेज हलू न देणं. आपल्याकडे नळाला ठरलेल्या वेळेलाच पाणी म्हणून गच्चीवर टाकी असते ना, तसंच. आता टाकी भरलेली आहे पण कॉक गंजून जाम झालाय, तर आंघोळ होईल का? तो जाम कॉक म्हणजे ईएसआर, कंडेन्सरच्या आतला रोध. द्रव सुकत गेला, बिघडला की ईएसआर वाढतो, आणि थंडीत तर द्रव अजून आळसावतो म्हणून आणखी वाढतो. दहा वेळा बटन दाबलं की करंट जाऊन जाऊन कंडेन्सर आतून थोडा तापतो, ईएसआर उतरतो आणि मग मशीन उठते. यातलं बटन दाबणं हे औषध नाही, रोज थोडं थोडं मरण आहे.

म्हणून पहिली टेस्ट फुकटची. गार मशीन, प्लग काढलेला, हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं बोर्डवर प्रोसेसरच्या आसपास कोमट हवा मारा, मग प्लग लावून बटन दाबा. उठली? दुसऱ्या दिवशी परत गार झाल्यावर फक्त एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा) हवा मारून बघा. कुठे ऊब दिल्यावर उठते त्यावरून दोषी कोण ते जवळजवळ कळतं. मामांच्या केसमध्ये बोर्ड.

आता डोळ्यांनी बघायचं. कॅबिनेट उघडा, धूळ ब्रशने काढा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, वरून नाही, आडवा. चांगल्या कंडेन्सरचं डोकं एकदम सपाट असतं, त्यावर क्रॉस किंवा के सारखी खाच कोरलेली असते, ती मुद्दाम असते, गॅस झाला तर तिथून फाटावं म्हणून, नाहीतर डबा फटाक्यासारखा उडेल. डोकं किंचित जरी घुमटासारखं वाटलं तर तो गेला. खाचेत तपकिरी खरपुडी असेल तर तो कधीच गेला. काही वरून सपाट राहतात आणि खालचं रबर बाहेर ढकलतात, मग डबा वाकडा उभा दिसतो. एक मात्र सांभाळा, बुडाशी पिवळट-तपकिरी चिकट काहीतरी दिसलं की लगेच लीक समजू नका, कंपनीत डबा हलू नये म्हणून डिंकासारखं ग्लू लावतात तेही असू शकतं.

मामांच्या बोर्डावर प्रोसेसरच्या सॉकेटला लागून सात कंडेन्सरची रांग, प्रत्येकी ३३०० मायक्रोफॅरड ६.३ व्होल्ट, त्यातले चार पुऱ्यांसारखे टम्म. उरलेले तीन दिसायला ठीक, पण सातही बदलायचे, एकाच खेपेतले, एकाच उष्णतेत शिजलेले, त्या तिघांची फक्त पाळी आलेली नाही.

मल्टीमीटरवर कपॅसिटन्सची रेंज असली तरी तिच्यावर विसंबू नका. टाकी भरलेली दाखवेल, कॉकचं सांगणार नाही. ईएसआर दाखवणारा छोटा कंपोनंट टेस्टर ऑनलाईन स्वस्तात मिळतो, पण कंडेन्सर बोर्डवरून काढूनच मोजा, रांगेतले सगळे पॅरलल, म्हणजे एकमेकांना समांतर जोडलेले असतात, एक खराब असला तरी बाकीचे त्याची लाज झाकतात.

जाता जाता, हे एवढ्या लवकर मेले का? साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर हाच आजार होता, त्याला कपॅसिटर प्लेग असंच नाव पडलं. कमी ईएसआरसाठी द्रवात पाण्याचं प्रमाण जास्त ठेवलं जायचं, पाणी अ‍ॅल्युमिनियमला खातं, म्हणून ते थांबवणारी रसायनं घालावी लागतात. तैवानच्या बऱ्याच स्वस्त कंडेन्सरमध्ये ती नीट नव्हती, मग आत हायड्रोजन तयार व्हायचा आणि डोकं फुगायचं. जपानी कंपनीचा फॉर्म्युला चोरताना अर्धवट चोरला गेला अशी कथा तेव्हा खूप फिरली, मसालेदार आहे, पण सिद्ध काही झालेलं नाही. खर्च मात्र खरा होता, एकट्या डेलने २००५ मध्ये असल्या मशीनच्या दुरुस्तीसाठी वगैरे ३० कोटी डॉलरचा भुर्दंड हिशोबात दाखवला. आणि जपानी म्हणजे देव असंही नाही, निचिकॉनच्या एचएम आणि एचएन सिरीजचाही त्याच वर्षांतला काही माल फुगायचा. तुमच्या पीसीत हा माल नसला तरी चांगला कंडेन्सरही उष्णतेने म्हातारा होतोच.

त्याचा हिशोब सोपा आहे आणि खरेदीला कामाचा आहे. डब्यावर १०५ डिग्री लिहिलंय आणि आयुष्य २००० तास, तर तापमान दर १० डिग्रीने उतरलं की आयुष्य दुप्पट. म्हणजे ६५ डिग्रीला ३२,००० तास, रोज दहा तास चालवलं तर पावणेनऊ वर्षं. तोच ८५ डिग्रीवाला घेतला तर ६५ ला फक्त ८००० तास, सव्वादोन वर्षांत परत माझ्याकडे. दुकानदार म्हणेल "काय फरक पडतोय", पडतो.

तर खरेदी. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, कमी कधीच नाही. मायक्रोफॅरड शक्यतो तेवढेच. १०५ डिग्री. लो ईएसआर. आणि जाडी-उंची, हे सगळे विसरतात, ८ मिलिमीटरच्या जागी १३ चा डबा घुसत नाही आणि हीटसिंकला टेकला तर अजून लवकर मरतो. एमजी रोडला गेलात तर जुना कंडेन्सर खिशात घेऊन जा, पण टीव्हीच्या कामाचा साधा देतील, लो ईएसआर मागितला की "सगळे सेमच असतात" ऐकावं लागतं. ते सेम नसतात. मी ऑनलाईन, कंपोनंट विकणाऱ्या नावाजलेल्या साईटवरून मागवतो, पॅनासॉनिक, रुबिकॉन, निचिकॉन, निप्पॉन केमिकॉन, यातलं काहीही. एसएमपीएसच्या आउटपुटला पॅनासॉनिकची एफआर किंवा रुबिकॉनची झेडएलएच सिरीज मस्त चालते. प्रोसेसरजवळ त्याहून कमी ईएसआर लागतो, तिथे मी सरळ सॉलिड पॉलिमर टाकले, ८२० मायक्रोफॅरड ६.३ व्होल्टचे. ३३०० च्या जागी ८२० बघून मामांना वाटलं भाचा गंडवतोय, पण या जागेवर कॉक किती मोकळा ते महत्त्वाचं, टाकी किती मोठी ते नंतर. पॉलिमरमध्ये द्रवच नाही म्हणून फुगणंही नाही. ही सूट फक्त प्रोसेसरच्या रांगेला बरं का, बाकी बोर्डभर अशी वाटत सुटू नका.

आता मुख्य काम, आणि इथेच बोर्ड मरतात.

आधी फोटो काढा, चार बाजूंनी. डब्यावर जिकडे पट्टा ती मायनस. बोर्डवर अर्धा गोल पांढरा रंगवलेला असतो, बहुतेक बोर्डांवर पांढरी बाजू मायनस, पण काही बोर्डांवर उलटं, म्हणून छापावर नाही, फोटोवर विश्वास ठेवा. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक फुटू शकतो आणि तो वास पडद्यांतून आठवडाभर जात नाही, अनुभव आहे.

घरातली २५ वॉटची सोल्डर गन इथे कामाची नाही. मदरबोर्ड म्हणजे तांब्याचे चार-सहा थर, मायनसची पिन आतल्या अख्ख्या तांब्याला जोडलेली, तुम्ही द्याल ती सगळी उष्णता तो बोर्ड पिऊन टाकतो आणि तुम्ही टोक घासत बसता. ६० वॉटची तरी हवी, तापमान सेट होणारी असेल तर उत्तम, टोक छिन्नीसारखं चपटं, सुईसारखं नको. प्रोसेसर, रॅम, बॅटरी काढून ठेवा. बोर्ड पालथा करा, दोन्ही पिनांवर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावतात ती पेस्ट) लावा आणि उलट नवीन सोल्डर घाला, ६०/४० (कथील-शिसं) वालं. काढायचंय तर घालायचं कशाला असं वाटतं, पण जुन्या सोल्डरला नवं मिळालं की ते लवकर वितळतं आणि उष्णता नीट पोचते. मग एक पिन तापवायची आणि दुसऱ्या हाताने डबा हळूच एका बाजूला कलवायचा, एखादा मिलिमीटर, मग दुसरी पिन, विरुद्ध बाजूला. पुन्हा पहिली. दुधाचा दात हलवतात तसं, ओढायचं नाही. ओढलात तर भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर पिनेबरोबर बाहेर येतं आणि ते अस्तरच थरांना जोडत असतं, ते गेलं की खरंच बोर्ड गेला.

डबा निघाला की भोकात सोल्डर बसलेलं असतं. पंपाने ओढून बघा, मायनसचं भोक हमखास अडतं. तिथे स्टीलची सुई, तिला सोल्डर चिकटत नाही, खालून गन आणि वरून सुई, गोल फिरवत आरपार. ड्रिल मारायचा मोह होईल, नका मारू, कारण वर सांगितलं तेच. माझं पाचव्या भोकाला वीस मिनिटं गेली, मामांचे दोन चहा झाले.

नवीन डबा बसवताना पायांतलं अंतर बघा, जुने १० मिलिमीटरचे, अंतर ५, माझे पॉलिमर ८ चे, अंतर साडेतीन, तर पाय थोडे फाकवून बसवले. पूर्ण टेकवा, सोल्डर भोकातून वरच्या बाजूला डोकावलं म्हणजे जोड पक्का. पाय कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने फ्लक्स धुवा, वाळू द्या. मग पॉवर न देता मल्टीमीटरने रांगेच्या दोन टोकांत रोध बघा. प्रोसेसर बसवलेला असताना तिथे मोजकेच ओहम दाखवतो, त्याला शॉर्ट समजून घाबरू नका, प्रोसेसर काढून बघा, वाढला पाहिजे.

एसएमपीएसचं वेगळं, आणि हे जरा गंभीरपणे वाचा. त्यात मोठे दोन डबे असतात तिथे २३० व्होल्टचे होतात सव्वातीनशेच्या आसपास डीसी, आणि प्लग काढल्यावरही ते तिथे बसून राहतात. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मग मीटरने मोजा, व्होल्टेज उरलं असेल तर ६० वॉटच्या पिवळ्या, तारेच्या बल्बच्या दोन वायरी लावून उतरवा, परत मोजा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे मिस्त्री भरपूर आहेत, तुम्ही नका करू. वीजेचं काम कधी केलं नसेल तर एसएमपीएस उघडूच नका, नवीन चांगला घ्या, त्यात कमीपणा काही नाही. उघडलाच तर आउटपुटच्या डब्यांबरोबर स्टँडबायच्या सेक्शनमधले (पीसी बंद असतानाही थोडी वीज देणारा भाग) लहान डबेही बदला, गारठ्यात न उठणाऱ्या एसएमपीएसमध्ये बहुतेक वेळा तेच पोरटे निघतात. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा तसाच तारेचा एक बल्ब वाटेत सिरीजमध्ये लावा, बल्ब चमकून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट, लगेच बंद. हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो, मग पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, केशरीवर ३.१४ ते ३.४७ आलं पाहिजे, जांभळी तर बटन न दाबताही ५ च्या जवळ.

बोर्ड बसवून पीसी सुरू झाला म्हणजे काम झालं असं नाही, माझ्या घरात दुपारी तो आधीही होतच होता. म्हणून त्या रात्री मामांना मुक्कामी ठेवून घेतलं आणि कॅबिनेट वरून कापड टाकून गॅलरीत ठेवलं, बंद, रात्रभर. पहाटे साडेसहाला पत्रा हाताला बर्फासारखा लागत होता. तिथेच एक्स्टेंशन ओढून बटन दाबलं, पहिल्या दाबात बीप. खात्री म्हणून बंद करून तासाभराने परत, तरी बीप. मामा म्हणाले आता तिसऱ्यांदा नको, नऊची बस आहे, दुकान उघडायचंय.