खरीप वाळलं, शाळू पेरायचा आहे: पीक विम्याचा निर्णय कसा घ्यावा

माण-खटाव, जत, आटपाडीकडे मूग, उडीद काढून त्याच रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, घेणारे बरेच आहेत. पावसाने ओढ दिली की दोन्ही पिकं धोक्यात येतात. खरिपाचा हप्ता भरला म्हणून शाळवाला संरक्षण मिळत नाही. दोन्ही हंगामांचे अर्ज वेगळे, निर्णयही वेगळे.

आधी भरपाई कशावर मिळते ते पाहा. 2025 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के हप्ता भरावा लागतो आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून (निवडक रानांतलं पीक कापून, मोजून) निघालेल्या महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. समजा मंडळाचं उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते ते उत्पादन, हेक्टरी 500 किलो आहे आणि सरासरी 300 किलो निघाली. तूट 40 टक्के. विमा रक्कम 30,000 रुपये असेल तर 12,000 मिळतील, हप्ता 600. पण तुमचं एकट्याचं रान करपलं आणि मंडळाची सरासरी टिकली, तर हाती काही येत नाही.

म्हणून आपलं मंडळ नीट बघा. टेंभू किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी मंडळात बऱ्याच रानांना पोचत असेल आणि तुमचं रान माळावर असेल, तर हा धोका मोठा आहे. रब्बी ज्वारीच्या अर्जात जिरायत-बागायत वेगळं असेल तिथे जिरायतच लिहा. केंद्रावर घाईत चुकीचं लिहिलं जातं, पावती तिथेच वाचून घ्या. उंबरठा मागच्या 7 पैकी चांगल्या 5 वर्षांवर काढतात, त्यामुळे लागोपाठ दुष्काळ पडले की तोही खाली येतो.

आता खरीप मोडायचं की ठेवायचं? पंचनामा होईल या आशेने वाळलेलं पीक रानात उभं ठेवू नका. भरपाई मंडळाच्या सरासरीवर आहे, तुमच्या रानाच्या पंचनाम्यावर नाही. मोडण्याआधी दोन कामं मात्र करा: ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवरची पिकाची नोंद) पिकाच्या फोटोसह पूर्ण करा आणि आपला गट कापणी प्रयोगासाठी निवडला आहे का, ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. निवडला असेल तर प्रयोग होईपर्यंत थांबा. नसेल तर लगेच कुळव घाला, परतीच्या पावसाची ओल शाळवासाठी धरून ठेवा. तीच खरी कमाई आहे, उशीर केला तर कोणताही विमा ती भरून देणार नाही.

शाळवाची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि ज्वारीच्या विम्याची मुदत आजवर साधारण 30 नोव्हेंबर राहिली आहे. उगवण आणि ओल बघून ठरवायला सवड मिळते. शेवटच्या दिवशी मात्र पोर्टल रखडतं, आठवडाभर आधीच अर्ज भरा. शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ-अ, पासबुक आणि पीकपेरा घोषणापत्र लागतं. अर्ज भरून देणाऱ्या सीएससी (सामाईक सेवा केंद्र) चालकाला मोबदला विमा कंपनी देते, हप्त्याशिवाय जादा पैसे देऊ नका.

सोसायटीचं पीककर्ज असेल आणि विमा नको असेल, तर मुदतीच्या किमान 7 दिवस आधी लेखी कळवा. नाहीतर हप्ता कापला जातो. बाजरीत तूर असेल तर क्षेत्र प्रमाणात वाटून लिहा. अर्जातलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं पीक जुळलं नाही तर अर्ज बाद होतो. अडलं तर पीक विम्याच्या हेल्पलाइनला, 14447 वर विचारा.